‘घर’ कोणत्या विद्यापीठात? महाविद्यालयाची निवड, प्रदेशाचे राजकारण आणि खिशाचा हिशेब

२०२५ च्या जुलैमध्ये माझ्या चुलत बहिणीचा मुलगा आणि त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, उदगीरहून रात्रीच्या गाडीने पुण्यात आले. मुलाच्या हातात अभियांत्रिकीच्या सीईटीचे गुणपत्रक होते आणि दाजींच्या पिशवीत उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला आणि त्या प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स होत्या. चहा होईपर्यंत मुलाने मोबाइलवर आदल्या वर्षीची कट-ऑफ यादी उघडली आणि कर्वेनगरच्या बाजूच्या एका महाविद्यालयाच्या पानावर बोट ठेवून विचारले, “मामा, शाखा एकच, प्रवर्ग एकच, मग दोन आकडे कसे?”

त्या पानावर एका ओळीला जी-ओपन-एच असे नाव होते आणि दुसरीला जी-ओपन-ओ. पहिल्या ओळीत प्रवेश ९६ च्या जरा वर थांबला होता, दुसरीत ९८ ला टेकत होता. मुलाचे पर्सेंटाइल ९७.१ होते. हेच पर्सेंटाइल घेऊन पुण्यात बारावी झालेला मुलगा त्या वर्गात बसला असता. उदगीरला बारावी झालेला हा मुलगा बाहेर राहिला असता. सगळीकडे असेच घडते असे नाही, काही महाविद्यालयांत आकडे उलटेही दिसतात. पण दोन ओळी आहेत, आणि त्या का आहेत हे कळल्याशिवाय ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतिक्रमाचा अर्ज, भरू नये असे माझे मत आहे, कारण त्या दोन अक्षरांमागे सत्तर वर्षांचे राजकारण आहे.

एच म्हणजे गृह विद्यापीठ आणि ओ म्हणजे त्याव्यतिरिक्तचे. अभियांत्रिकीच्या प्रवेशात विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील जागांची ७० टक्के आणि ३० टक्के अशी विभागणी चालत आली आहे: ७० टक्के जागा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी आणि उरलेल्या ३० टक्के राज्याच्या इतर विद्यापीठांच्या क्षेत्रांतून येणाऱ्यांसाठी. यादीत कधी कधी एस हे अक्षरही दिसते. त्याचा अर्थ त्या जागा राज्य स्तरावरच्या आहेत आणि तेथे घर विचारले जात नाही. १८५४ साली सुरू झालेल्या आणि २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ असलेल्या सीओईपीच्या यादीत हेच अक्षर असते. प्रवेशाची नियमावली दर वर्षी नव्याने निघते, त्यामुळे ज्या वर्षी फॉर्म भरायचा त्याच वर्षीची पुस्तिका वाचावी. शेजारच्या दादाने तीन वर्षांपूर्वी काय केले त्यावर विसंबू नये.

‘घर’ या शब्दाने फसायला होते. मूळ गाव, वडिलांची जमीन, आधार कार्डावरचा पत्ता यांपैकी कशानेही ते ठरत नाही. राज्यातूनच दहावी-बारावी झालेल्या सर्वसाधारण उमेदवाराचे गृह विद्यापीठ त्याने बारावी ज्या महाविद्यालयातून केली त्याच्या ठिकाणावरून ठरते. १९४९ साली स्थापन झालेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. म्हणून गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या सुरगाण्यात बारावी केलेली मुलगी पुण्यातील महाविद्यालयासाठी घरची धरली जाते. याउलट नीरा नदीच्या अलीकडे नीरा गावात बारावी केली तर पुणे विद्यापीठ आणि पलीकडे लोणंदला केली तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. दोन्ही गावांची मुले एकाच बाजारात वह्या घेतात, पण प्रवेशाच्या यादीत त्यांच्या ओळी वेगळ्या होतात.

ही विभागणी कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेली नाही. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे यासाठी विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातील नेत्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी जो नागपूर करार केला, त्यात निधी आणि नोकऱ्यांच्या बरोबरीने व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांतील प्रवेशाचाही प्रश्न होता. पुण्या-मुंबईला जुन्या संस्था आहेत, तेथे आधीपासून शिकलेली घरे आहेत, तेव्हा एक राज्य झाल्यावर आपल्या मुलांच्या वाट्याला काय येणार, ही भीती खरी होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे नेमण्याची आणि तंत्रशिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था करण्याची तरतूद आहे. मंडळे प्रत्यक्षात यायला मात्र १९९४ साल उजाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मधल्या काळात १९८३ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने रस्ते, सिंचन, आरोग्य यांच्याबरोबर तंत्रशिक्षणाचाही अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाची तूट, मोजला. मराठवाड्यातला माणूस ‘अनुशेष’ हा शब्द बोलता बोलता सहज वापरतो, तो या इतिहासामुळे.

त्याच १९८३ साली दुसरी एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते तिचा परिणाम अधिक खोल झाला. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. तोवर पैसेवाल्या घरांतील मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. ती येथेच शिकावीत हा विचार चुकीचा नव्हता. पण विनाअनुदान महाविद्यालय काढायला जमीन, भांडवल आणि मंत्रालयात ओळख लागते. या तिन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांत सहकारातून आणि राजकारणातून वर आलेली पश्चिम महाराष्ट्रातील मंडळी बरीच होती. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द तेव्हापासून मराठीत रुळला. पुढे हिंजवडीचे आयटी पार्क आणि चाकणचे कारखाने आले, कंपन्या नोकरभरतीसाठी जवळच्या महाविद्यालयांत येऊ लागल्या आणि महाविद्यालये पुण्याभोवती आणखी दाटली. मागास भागाला संरक्षण म्हणून आखलेली रेषा अशा रीतीने उलटी लागू लागली: जागा पुण्यात साचल्या आणि त्यांतील ७० टक्क्यांवर पहिला हक्क पुणे, नाशिक आणि अहिल्यानगरचा झाला.

वैद्यकीय शिक्षणात हाच वाद अधिक तीव्र होता. तेथे विद्यापीठाऐवजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग धरून ७०:३० चे सूत्र लावले जाई. वैद्यकीय महाविद्यालये मराठवाड्यात कमी आणि उर्वरित महाराष्ट्रात जास्त, म्हणून जास्त गुण मिळवूनही आमची मुले बाहेर राहतात, असे मराठवाड्याचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ही पद्धत रद्द केली. विधानसभेत तशी घोषणा करणारे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख लातूरचे आमदार होते, याची नोंद तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने घेतली. नीटच्या तयारीसाठी महाराष्ट्रभरातून मुले ज्या लातूरला जातात, त्या लातूरला या निर्णयाचे मोल सांगावे लागले नाही.

राजकारणाचा आणखी एक धागा फार थोड्यांना ठाऊक असतो. बेळगाव, निपाणी, भालकी अशा सीमाभागात शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमावलीत उमेदवारीचा स्वतंत्र प्रकार आहे. राज्याने ज्या ८६५ गावांवर दावा सांगितला आहे, त्या गावांतील मुले राज्याबाहेर शिकूनही येथे परकी धरली जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे. सीमाप्रश्न वृत्तपत्रांत अधूनमधून येतो. प्रवेशाच्या पुस्तिकेत तो दर वर्षी छापला जातो.

आता पैशाकडे येऊ, कारण दाजींचा खरा प्रश्न तोच होता. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जो शुल्काचा आकडा दिसतो तो खर्चाचा आकडा नसतो. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि ते महाविद्यालयाने दाखवलेल्या खर्चाच्या हिशेबावरून ठरते. इमारत नवी, पगार मोठे, तर शुल्क जास्त. म्हणजे जास्त शुल्क हे चांगल्या शिकवण्याचे लक्षण नाही, ते फक्त जास्त खर्चाचे लक्षण आहे. एवढे लक्षात ठेवले तरी बरेच पालक उगाच दबून जाणार नाहीत.

शुल्काचे दोन मोठे तुकडे असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. सरकारी सवलत लागू होते ती मुख्यतः पहिल्या तुकड्याला. खुल्या प्रवर्गातील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. २०१६-१७ मध्ये मराठा मोर्च्यांनी राज्य दणाणले तेव्हा या योजनेची उत्पन्नमर्यादा आधी ६ आणि मग ८ लाखांवर नेली गेली. रस्त्यावरचे राजकारण घरच्या हिशेबाच्या वहीपर्यंत कसे पोहोचते, त्याचे हे सरळ उदाहरण आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या योजनांतून शिक्षण शुल्क पूर्ण मिळते. याशिवाय प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा टीएफडब्ल्यूएस म्हणून असतात. त्यांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ असते आणि जातीची अट नसते, पण त्यांचा कट-ऑफ चढा असतो आणि ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा संकेतांक वेगळा भरावा लागतो. मुलगा पात्र होता, घरी कोणी सांगितले नाही म्हणून तो संकेतांक भरायचा राहिला, असे मी दोनदा पाहिले आहे.

दाजींनी माझ्या टेबलावर गुणपत्रकाची झेरॉक्स उलटी केली आणि पेन काढले. पुण्यातील एका महाविद्यालयाचे शुल्क त्यांनी १,२५,००० धरले, त्यात शिक्षण शुल्क १,१०,००० आणि विकास शुल्क १५,०००. निम्मी सवलत ५५,००० ची, म्हणजे भरायचे ७०,०००. मग आम्ही पत्ते काढलेल्या खोल्यांपैकी एकीचे, कॉट बेसिसवरचे, महिना ४,५०० प्रमाणे अकरा महिन्यांचे ४९,५०० आणि मेसचे महिना ३,८०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३८,०००. एकूण १,५७,५००. अनामत रक्कम, बसचा पास आणि दिवाळीला गावी जाण्या-येण्याचे भाडे यात नाही. शेजारी त्यांनी लातूरच्या बाजूचे एक महाविद्यालय मांडले: शुल्क ८०,०००, त्यात शिक्षण शुल्क ७०,०००, सवलत ३५,०००, भरायचे ४५,०००, राहायला लातूरला आत्याचे घर. दोन्हींतला फरक १,१२,५०० निघाला. त्याखाली दाजींनी ४,८९२ हा आकडा लिहिला आणि भागाकार केला. तो २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव होता. “तेवीस क्विंटल,” ते म्हणाले. “दर वर्षी. अन् हा भाव बाजारात मिळालाच कुठं?”

पुण्यात बसून आपण शुल्काची तुलना शुल्काशी करतो. पुण्याबाहेरच्या घरात तुलना होते ती खोलीशी, मेसशी आणि सोयाबीनशी. पुण्यातल्या मुलाला दोन महाविद्यालयांतील फरक दहा-वीस हजारांचा दिसतो, तेथे उदगीरच्या मुलाला तोच फरक लाखाचा पडतो, मग दोघांचे पर्सेंटाइल कितीही सारखे असो. गृह विद्यापीठाची रेषा आणि राहण्याचा खर्च या दोन वेगळ्या अडचणी आहेत असे आपण समजतो. बाहेरून येणाऱ्या मुलाला त्या एकाच दारात भेटतात.

शिष्यवृत्तीचा आणखी एक पैलू कागदावर दिसत नाही, तो म्हणजे वेळ. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरला, महाविद्यालयाने तो तपासला, पुढे पाठवला, मंजूर झाला आणि हप्ता खात्यात आला, यात कित्येक महिने जातात. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून पूर्ण शुल्क आधी मागू नये असे शासन सांगते. माझ्या भाच्याच्या एका मित्राला मात्र खिडकीवर “आधी सगळे भरा, पैसे आले की परत देऊ” असेच ऐकावे लागले होते, आणि त्याच्या वडिलांनी ते पैसे गावच्या पतसंस्थेतून काढले. सवलत मिळाली, व्याज गेले. ज्याच्याकडे सहा-आठ महिने थांबण्याइतका पैसा आहे, त्यालाच सवलत पूर्ण मिळते.

येथे एक सापळा आहे तो स्पष्ट लिहितो. या सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश घेणाऱ्यांसाठी असतात. संस्था स्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते ती, जागा घेतली की त्या गेल्या. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही त्यांतून वगळलेली असतात. पुण्यात अशी विद्यापीठे बरीच आहेत, आणि एकाच संस्थेच्या नावाखाली दोन्ही प्रकार नांदतात. धनकवडीला भारती विद्यापीठाचे एक अभियांत्रिकी महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, तर त्याच संस्थेचे महिलांचे अभियांत्रिकी महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न असून तेथील प्रवेश कॅपमधून होतात. यात लपवाछपवी काही नाही, दोन्ही मार्ग कायदेशीर आहेत. पण बाहेरगावच्या पालकाला फाटकावरचे नाव एकच दिसते. तेव्हा पहिला प्रश्न विचारावा तो हाच: हे महाविद्यालय कॅपमध्ये आहे का?

आरक्षणाच्या राजकारणाबद्दल थोडक्यात. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली तेव्हा प्रवेश चालू होते, आणि ज्यांनी एसईबीसी, म्हणजे मराठा समाजासाठीचा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग, धरून पसंतिक्रम लावला होता त्यांचे सगळे गणित एका दिवसात बदलले. मे २०२१ मध्ये तो कायदा रद्द झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला. जातवैधतेसाठी पडताळणी समितीकडे आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रासाठी सेतू केंद्रांवर जूनमध्ये ज्या रांगा लागतात, त्या रांगेतल्या मुलाचे महाविद्यालय कधी कधी गुणांपेक्षा दाखल्याच्या तारखेवर ठरते.

पुण्यात बाहेरच्या मुलाला राहायला जागा हवी, हे या शहराने फार पूर्वी ओळखले होते. ग्रामीण भागातील गरजू मुलांसाठी अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहायक समिती उभी केली. तिच्या वसतिगृहांत राहून शिकलेली माणसे आज सगळीकडे भेटतात. मराठवाड्यातून येथे आलेल्या मंडळींनी १९६७ मध्ये मराठवाडा मित्र मंडळ काढले. आपल्या प्रदेशातून येणाऱ्या मुलांना पुण्यात आधार असावा या भावनेतून सुरू झालेली ती संस्था पुढे स्वतःच अनेक महाविद्यालये चालवू लागली. सरकारी बाजूने, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. इतरांपैकी काहींसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहाचा अर्ज महाविद्यालयाच्या प्रवेशानंतर करायचा असतो असे अनेकांना वाटते; मी तर म्हणेन की पसंतिक्रम लावण्याआधी वसतिगृहांची चौकशी करावी, कारण स्वस्त कॉट मिळाली तर दाजींच्या झेरॉक्सवरचा फरक बराच खाली येतो.

आता त्या ‘घरा’कडे परत येतो. गृह विद्यापीठ बारावीच्या ठिकाणावरून ठरते, याचा अर्थ ते दहावीनंतरच्या जूनमध्ये, पंधरा-सोळाव्या वर्षी ठरते. ज्याला पुण्यात दोन वर्षे आधी खोली परवडते त्याने अकरावीलाच मुलाला येथे आणले की तो पुण्याचा होतो. ज्याला परवडत नाही त्याचा मुलगा गावाकडचा राहतो आणि ३० टक्क्यांच्या ओळीत उभा राहतो. नाशिक-पुण्याकडचा एखादा मुलगा नीटसाठी लातूरच्या महाविद्यालयात नाव घालतो, पुढे मन बदलून अभियांत्रिकीकडे वळतो आणि स्वतःच्याच शहरात परका ठरतो, असेही होते. प्रदेशाला संरक्षण द्यावे याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन वर्षांच्या भाड्याने बदलता येणारे ‘घर’ हे प्रदेशाचे संरक्षण करते की भाडे भरू शकणाऱ्याचे, हा प्रश्न विचारायला हवा. गृह विद्यापीठ दहावीवरून धरले तरी काही अंशी फरक पडेल असे मला वाटते.

भाच्याचा ऑप्शन फॉर्म आम्ही रात्री अकराला संपवला. वर पुण्यातील दोन टीएफडब्ल्यूएस संकेतांक टाकले, कारण शिक्षण शुल्क माफ असेल तरच पुणे परवडत होते. त्याखाली नांदेडचे श्री गुरू गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय घातले, मग लातूर, आणि सगळ्यात शेवटी पुण्याचे ते दोन ओळींचे महाविद्यालय. क्रम लावताना त्याला एवढेच बजावले की पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, तेव्हा जेथे खरोखर जायचे नाही ते पहिल्या ओळीत घालू नकोस.

दाजी मात्र अजून झेरॉक्सकडेच पाहत होते. त्यांची धाकटी मुलगी त्याच वर्षी दहावी झाली होती. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले आहे, हे मी त्यांना सांगितले होते. त्यांनी मुलाच्या हिशेबातले १,१०,००० खोडून पाहिले. उरले १,०२,५००, आणि त्यांतील ८७,५०० खोली आणि मेसचे. मग तोच ८७,५०० चा आकडा त्यांनी खाली पुन्हा लिहिला, त्याच्यापुढे गुणिले दोन केले आणि विचारले, “मग पोरीची अकरावी कुठं टाकावं?”